राखाडी विटेत विष नाही : मावशीला आलेल्या मेसेजला उत्तर

मंगळवारी रात्री मावशीचा फोन आला. "विटांची गाडी परत पाठवली बघ," एवढंच म्हणाली आणि थांबली. सिन्नर तालुक्यात तिच्या आणि काकांच्या घराचं काम चालू आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी. जोतं भरून झालंय. काकांच्या निवृत्तीचे पैसे त्यात घातलेत, ते संपले की दुसरीकडून यायचे नाहीत. राखाडी विटांची पहिली गाडी दारात उभी असतानाच काकांच्या मोबाइलवर एक मेसेज आला. तो वाचून त्यांनी ड्रायव्हरला एकही वीट उतरवू दिली नाही. आगाऊ रक्कम अडकली, गवंडी आणि दोन बिगारी बसून राहिले, आणि मावशी मला विचारत होती, "पोरांना आपण विषाच्या भिंतीत निजवणार होतो का रे?"

मी स्थापत्याचा डिप्लोमा करून गेली सोळा वर्षं बांधकामाच्या साइटवरच आहे. लाल विटेच्या, राखाडी विटेच्या, सिमेंट ब्लॉकच्या, सगळ्या भिंती उभ्या करून घेतल्या आहेत. हा मेसेज मला याआधी तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा मी तो काही न बोलता पुसून टाकला. तसं करायला नको होतं. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर कदाचित काकांपर्यंत तो या रूपात पोचला नसता. म्हणून आता मुद्दे घेऊन लिहितो.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा : "सावधान! दगडाच्या भुकटीपासून बनवलेल्या राखाडी विटा म्हणजे घरात आणलेलं विष. या भुकटीत ५० टक्के सिलिका असते. भिंतीतून ती कायम उडत राहते, घरातल्या माणसांना सिलिकोसिस आणि कॅन्सर होतो, जागतिक आरोग्य संघटनेनेच हे सांगितलंय. दगड रेडिओअॅक्टिव्ह असतो. या विटा पावसात विरघळतात, पाच वर्षांत भुगा होतो. उन्हाळ्यात घराची भट्टी होते. या विटांना सरकारी मान्यता नाही, खाणवाल्यांचा कचरा तुमच्या गळ्यात मारला जातोय. आपली मातीची लाल वीटच नैसर्गिक आणि पर्यावरणाला चांगली. प्रत्येक ग्रुपवर पाठवा." सोबत एक फोटो, पांढऱ्याशुभ्र भुकटीचे डोंगर आणि त्यावर उभी माणसं.

आधी फोटो. आपल्या भागातला दगड काळा. तो फोडला की निघणारी कच राखाडी, कधी निळसर. पांढरी होत नाही. पांढरे डोंगर संगमरवराच्या गाळाचे असतात. राजस्थानात किशनगढला संगमरवर कापण्याचे शेकडो कारखाने आहेत, करवतीवर पाणी सोडून दगड कापतात आणि ते दुधासारखं पाणी एका मोठ्या जागेवर नेऊन ओततात. वाळल्यावर तिथे बर्फ पडल्यासारखं दिसतं, लोक लग्नाआधीचे फोटो काढायला जातात. मेसेजमधला फोटो बहुधा तिथलाच किंवा तशाच जागेचा असावा. संगमरवर म्हणजे चुनखडीच्या जातीचा दगड. ज्या सिलिकाची भीती घातली आहे ती त्यात जवळजवळ नसतेच. म्हणजे फोटो एका दगडाचा, भीती दुसऱ्या दगडाची आणि गाडी परत गेली तिसऱ्याच दगडाची.

मावशीच्या दारात आलेली वीट कशाची होती, तेही सांगतो, कारण मेसेज लिहिणाऱ्याने ते पाहिलेलं दिसत नाही. क्रशरवर काळा दगड फोडला की चाळणीतून ४० मिलिमीटरची, २० ची, १० ची खडी वेगळी होते. या सगळ्यांतून खाली जे पडतं ती कच, म्हणजे क्रशर डस्ट. पाच ब्रास दगड फोडला तर ब्रासभर तरी कच निघतेच. पूर्वी क्रशरच्या मागे तिचे ढीग साचायचे. वाऱ्याने शेतात जायची, पावसात ओढ्यात. आता तीच कच, आपल्या जिल्ह्यातल्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्रासारख्या ठिकाणची कोळशाची राख आणि सिमेंट (काही जण चुना आणि जिप्सम घालतात) एकत्र करून यंत्रात दाबतात. भट्टी लागत नाही. साच्यातून काढलेली वीट थप्पी लावून दोन-तीन आठवडे पाण्याने भिजवत ठेवतात. प्रमाण कारखान्यागणिक बदलतं, पण साहित्य हेच.

आता सिलिका. तिच्या धुळीने फुप्फुसाला होणारा आजार म्हणजे सिलिकोसिस. सगळी भीती याच शब्दावर उभी आहे, आणि मला सर्वांत जास्त राग इथेच आला.

"५० टक्के सिलिका" हा आकडा खोटा नाही. आपल्या काळ्या दगडाचं रासायनिक पृथक्करण केलं की सिलिका या रकान्यात साधारण तेवढाच आकडा येतो. पण तो रकाना म्हणजे हिशेबाची पद्धत आहे. दगडात सिलिकॉन किती, अॅल्युमिनियम किती, लोह किती, हे प्रयोगशाळा ऑक्साइडच्या रूपात मांडते. त्याचा अर्थ दगडाचा अर्धा भाग मोकळी सिलिका आहे असा होत नाही. आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, आणि त्यातलं सिलिकॉन कॅल्शियम, सोडियम, लोह, मॅग्नेशियम यांच्याशी बांधलेलं असतं आणि त्यातून फेल्डस्पार, पायरॉक्सीन ही खनिजं झालेली असतात. मिठात क्लोरिन असतो, पण आमटीत मीठ घातलं म्हणून कुणी क्लोरिनच्या वायूने गुदमरत नाही. फुप्फुसाला जी सिलिका घातक ती मोकळी, स्फटिकरूप सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ. आपल्या भाषेत गारगोटी. ग्रॅनाइटमध्ये ती पाचवा हिस्सा तरी असतेच, वालुकाश्म बहुतेक तिचाच बनलेला असतो. बेसॉल्टमध्ये ती फार थोडी, कारण मुळात या दगडाच्या लाव्ह्यातच सिलिका कमी होती.

थोडी का होईना असते, हे मी नाकारत नाही. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट, अगेट, गारगोटी तयार झाली. सिन्नरकरांना हे वेगळं सांगायला नको, अशा खनिजांचं गारगोटी संग्रहालय तिथेच आहे. पण पोकळीतले हे स्फटिक म्हणजे दगडाचा अर्धा भाग नव्हे.

मग लाल विटेचं काय? ज्या मातीची ती बनते त्या मातीचं पृथक्करण केलं तर सिलिकाच्या रकान्यात निम्म्याहून जास्त आकडा येणं अगदी सामान्य आहे, आणि मातीत बारीक रेतीच्या रूपात खरी मोकळी गारगोटीही असू शकते. मेसेजचा नियम खरा धरला तर मावशीचं आत्ताचं चाळीस वर्षांचं लाल विटेचं घर जास्त विषारी ठरतं. तिच्या अंगणातली माती, चुलीला लिंपलेली माती, सगळंच. काकांना मी फोनवर एवढंच सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा शांत झाले.

पुढचं वाक्य, "जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलंय." काय सांगितलंय ते बघू. या संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी संस्था फ्रान्समध्ये लिऑनला आहे. तिने १९९७ साली आपल्या ६८ व्या खंडात निष्कर्ष दिला तो असा : व्यवसायाच्या ठिकाणी, श्वासावाटे शरीरात गेलेली, क्वार्ट्झ किंवा क्रिस्टोबलाइट या रूपातली स्फटिकी सिलिका माणसाला कर्करोग करते. यातला प्रत्येक शब्द मोजून वापरलेला आहे. व्यवसायाच्या ठिकाणी. श्वासावाटे. स्फटिकी. मेसेजवाल्याने हे तिन्ही शब्द गाळले आणि उरलेलं वाक्य मावशीच्या भिंतीवर लावलं. आजार होण्यासाठी कण इतका बारीक लागतो की नाक-घशात न अडकता फुप्फुसाच्या तळापर्यंत जावा, म्हणजे साधारण ४ मायक्रॉनच्या आतला. असे कण हवेत राहतात ते दगड फोडताना, ड्रिल मारताना, कोरडं कापताना, दळताना. आणि माणूस ते सहसा वर्षानुवर्षं, रोज आठ-दहा तास आत घेतो तेव्हा सिलिकोसिस होतो. भिंतीतला कण सिमेंटने आणि राखेने धरून ठेवलेला असतो. वर गिलावा असतो, त्यावर रंग. तो रात्री उठून पोरांच्या नाकात जात नाही.

आणि ज्यांच्या नाकात ही धूळ खरोखर जाते त्यांच्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही. गुजरातेत गोध्र्याच्या भागात गारगोटी दळणारे कारखाने होते. तिथे काम करायला मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूरकडचे आदिवासी मजूर जायचे आणि काही महिन्यांत खोकत परत यायचे. २३८ मजुरांच्या मृत्यूबद्दल त्यांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्या, असं राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये गुजरात सरकारला सांगितलं, आणि तो पैसा देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाकडून यायला २०१६ साल उजाडावं लागलं. राजस्थानात वालुकाश्माच्या खाणींत इतकी माणसं या रोगाने गेली की २०१९ साली राज्याला सिलिकोसिससाठी वेगळं धोरण आणावं लागलं. सिलिकोसिस हा मजुराचा आजार आहे. तो शब्द उचलून, मजुराला वगळून, घरमालकाला घाबरवायला वापरायचा, हे मला सहन होत नाही.

आपल्या क्रशरवरची धूळ निरुपद्रवी आहे असंही माझं म्हणणं नाही. मोकळी सिलिका कमी असली तरी बारीक धूळ छातीला वाईटच, आणि दगडात गारगोटीच्या गाठी निघाल्या तर आणखी वाईट. क्रशरवर पाण्याचे फवारे हवेत, पट्टे झाकलेले हवेत, वाऱ्याला आडोसा हवा, हे सगळं पर्यावरणाच्या नियमांत लिहिलेलं आहे. अनेक क्रशरवर फवारे फक्त तपासणीच्या दिवशी चालतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कुणाला मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर आपल्या गावच्या क्रशरवर फवारे चालू आहेत का, तिथल्या माणसाच्या तोंडावर काय बांधलंय, हे विचारणारा पाठवा.

घरातही एक वेळ अशी असते जेव्हा धूळ खरंच उडते. वायरमन पाइप बसवायला भिंतीत झिरी मारतो तेव्हा. ग्राइंडर लावला की दोन मिनिटांत खोलीत काही दिसत नाही. तेव्हा झिरी ओली करून मारायची, नीट बसणारा मास्क लावायचा, लहान मुलांना त्या दिवशी साइटवर आणायचं नाही. हे लाल विटेलाही तेवढंच लागू आहे.

रेडिओअॅक्टिव्हचा मुद्दा लवकर आटोपतो. माती, दगड, केळं, आपली हाडं, सगळ्यांत किरणोत्सारी पोटॅशियमचा अंश असतो. दगडांत ग्रॅनाइटमध्ये युरेनियम-थोरियम जास्त, बेसॉल्टमध्ये कमी. राखेबद्दल म्हणाल तर अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने १९९७ साली एक माहितीपत्रक काढलं होतं. त्यात स्पष्ट म्हटलंय की सर्वसाधारण कोळशाच्या राखेतला किरणोत्सार हा ग्रॅनाइट किंवा लाल वीट यांसारख्या नेहमीच्या बांधकाम साहित्यापेक्षा फारसा वेगळा नसतो. तुलनेला त्यांनी लाल वीटच घेतली आहे. यापुढे या मुद्द्यावर शब्द खर्च करत नाही.

"पावसात विरघळते." ज्या विटेला ताकद यावी म्हणून कारखान्यात पंधरा-वीस दिवस पाणी मारावं लागतं ती पावसात कशी विरघळेल? सिमेंट पाण्यानेच धरतं. पावसात विरघळते ती न भाजलेली मातीची वीट. अवकाळी पाऊस आला की वीटभट्टीवर वाळत घातलेल्या कच्च्या विटांचा चिखल होतो आणि भट्टीवाल्याचं कंबरडं मोडतं, हे खेड्यातल्या प्रत्येकाने पाहिलंय.

ताकदीचं म्हणाल तर भाजलेल्या मातीच्या विटेचं भारतीय मानक आयएस १०७७ आहे. त्यातला सर्वांत खालचा वर्ग ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर साधारण ३५ किलोचा भार. काँक्रीटच्या भरीव ब्लॉकचं मानक आयएस २१८५ चा पहिला भाग. त्यातले भरीव ब्लॉकचे वर्ग ४ आणि ५ न्यूटनचे. पाणी शोषण्याची मर्यादा मातीच्या नेहमीच्या विटेला वजनाच्या २० टक्के, या ब्लॉकला १० टक्के. कागदावर तरी दगडाच्या चुऱ्याचा ब्लॉक मातीच्या विटेपेक्षा कमी पडत नाही. कागदावर म्हणतो, कारण पुढे त्याबद्दल बोलायचंच आहे.

"सरकारी मान्यता नाही" हे याच ओघात निकालात निघतं. राख आणि चुन्याच्या विटेला आयएस १२८९४ आहे, राख आणि सिमेंटच्या विटेला २०१८ सालचं आयएस १६७२० आहे. काँक्रीटच्या खडी-वाळूचं मानक आयएस ३८३ दगड फोडून केलेली वाळू कित्येक दशकं मान्य करतंय. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचं धोरण आणलं, त्यात स्वामित्वधनात (रॉयल्टीत) सवलतही दिली. आणि केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची राखेबद्दलची पहिली अधिसूचना १४ सप्टेंबर १९९९ ची. वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत मातीच्या विटेत राख मिसळल्याशिवाय वीट करायची नाही, असं त्यात होतं. ते अंतर २००३ मध्ये १०० आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटर झालं. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेत तर या अंतरातल्या बांधकामांनी राखेच्या विटा वापरायच्या, किंमत दुसऱ्या विटेपेक्षा जास्त नसेल तर, असं म्हटलंय. एकलहरे आणि सिन्नर एकाच जिल्ह्यात आहेत. म्हणजे कायद्याचा रोख मेसेजच्या बरोबर उलट आहे.

उन्हाळ्याचा मुद्दा. इथे मला अर्धी गोष्ट मान्य करावी लागते, मन नसताना. घट्ट, जड भिंतीतून उष्णता जास्त लवकर आत येते. भारतीय मानक संस्थेच्या १९८७ च्या पुस्तिकेत भाजलेल्या विटेची उष्णतावाहकता ०.८१ दिली आहे आणि घट्ट काँक्रीटची १.७४. आकडा मोठा तितकी उष्णता लवकर आत. राख जास्त असलेली वीट हलकी असते, ती लाल विटेच्या जवळ येते. नुसती कच आणि सिमेंट असलेला भरीव ब्लॉक काँक्रीटच्या बाजूला झुकतो. शिवाय लोक नऊ इंची लाल भिंतीच्या जागी सहा इंची ब्लॉकची भिंत घालतात आणि मग घर तापतं म्हणून विटेला दोष देतात. भिंत तीन इंचांनी बारीक केलेली असते, ते कुणी सांगत नाही. एकमजली घरात मे महिन्यात सर्वांत जास्त ऊन येतं ते स्लॅबमधून. मावशीला मी म्हटलंय, पश्चिमेची भिंत तेवढी नऊ इंची ठेव, आणि स्लॅबवर दर उन्हाळ्याआधी चुना मार. पण मेसेजमधलं हे एक वाक्य पूर्ण खोटं नाही.

दुसरं अर्धसत्य यापेक्षा महत्त्वाचं, आणि ते मेसेजमध्ये चुकीच्या शब्दांत आलंय. "पाच वर्षांत भुगा" असं त्यात आहे. चांगल्या विटेचा होत नाही. पण वाईट राखाडी विटा बाजारात आहेत, आणि खूप आहेत. कचेत पिठासारखा बारीक भाग जास्त असेल तर मिश्रणाला पाणी जास्त लागतं आणि वीट कमजोर होते. आयएस ३८३ ने फोडलेल्या वाळूत ७५ मायक्रॉनच्या खालचा भाग १५ टक्क्यांपर्यंतच ठेवला आहे तो याचसाठी. काही जण कच चाळत नाहीत, सिमेंटात हात आखडतात, आणि सर्वांत वाईट म्हणजे दाबल्यावर आठवड्याभरात वीट विकून टाकतात. अशी ओली, कोवळी वीट भिंतीत गेली की तिथे वाळते, वाळताना आकसते आणि गिलाव्याला जिन्यासारखे तडे जातात. मग लोक म्हणतात, राखाडी वीट वाईट. लाल विटेतही कमी भाजलेली, पिवळी पडलेली, बोटाने खरवडली जाणारी वीट असते. ती आपण बाजूला काढतो, म्हणून लाल वीटच वाईट असं कुणी म्हणत नाही.

राहिली ती "नैसर्गिक लाल वीट". मला लाल विटेबद्दल आकस नाही. भट्टीवर राबणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत, दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन येणारी आणि पावसाआधी परतणारी. त्यांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे आणि राखाडी विटेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तो टाळू नये. तळ्याचा, धरणाचा गाळ वापरून केलेली वीट तर मला आवडतेच. पण "पर्यावरणाला चांगली" हे कसं? मावशीच्या घराला साधारण १२,००० विटा लागतील. एक वीट ३ किलोची धरली तर ३६ टन. भाजताना घट होते, म्हणजे माती ४० टनांच्या घरात. एक गुंठा जमीन फूटभर खोल खरवडली तर सुमारे ११ ब्रास माती निघते, वजनात ४५ टनांच्या आसपास. एका छोट्या घरासाठी जवळजवळ गुंठाभर रानाचा वरचा पोयटा गेला. तोच कसदार थर, जो परत तयार व्हायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. त्यावर भट्टीचा कोळसा, भुसा आणि गावावर उतरणारा धूर. दुसऱ्या बाजूला कचेचा ढीग पडूनच आहे, दगड खडीसाठी फुटणारच आहे. त्या ढिगातून वीट केली तर नवी माती खणावी लागत नाही. सिमेंट लागतं आणि सिमेंट करायलाही भट्टीच लागते, हे खरं. तरी तोललं तर माझं माप राखाडी विटेकडेच झुकतं. "खाणवाल्यांचा कचरा" असं हिणवायचं असेल तर साखर कारखान्याची मळीही कचराच आहे, तिच्यापासून काय काय होतं ते नाशिक-नगरच्या माणसाला विचारा.

काकांना मी बुधवारी सकाळी परत फोन केला. विषाबद्दल नाही, विटेबद्दल काय विचारायचं ते सांगायला. कारखान्यात जा. थप्पीवर तारीख लिहिलेली असते, ती बघा, २८ दिवस झालेलीच वीट घ्या. दोन विटा एकमेकींवर आपटा, आवाज खणखणीत आला पाहिजे. खिळ्याने ओरखडा काढा, भुकटी सुटायला नको. कमरेच्या उंचीवरून एक वीट जमिनीवर सोडा. तीन विटा घरी आणून कोरड्या असताना किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करा, चोवीस तास पाण्यात बुडवा, पुसून परत वजन करा. ३ किलोच्या विटेने ६०० ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायलं तर ती कुठल्याच मानकात बसत नाही, ३०० च्या आसपास असेल तर उत्तम. आणि चाचणीचा अहवाल मागा, चालू वर्षाचा, त्याच कारखान्याच्या नावाचा.

काका तसे शिस्तीचे. त्याच दिवशी जाऊन आले. संध्याकाळी त्यांचा फोन आला तेव्हा आवाज वेगळा होता. दारात आलेल्या गाडीतल्या विटा नऊ दिवसांच्या होत्या. कारखानदाराने स्वतःच कबूल केलं, मागणी जास्त होती म्हणून भरल्या. काकांनी आतल्या बाजूची, महिन्यावरची थप्पी दाखवून घेतली, तिच्यातल्या तीन विटा हौदात बुडवून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी वजनाचे आकडे मला कागदावर लिहून, फोटो काढून पाठवले. तिन्ही बसल्या. ती पहिली गाडी परत गेली ते बरंच झालं म्हणायचं, पण मेसेजात लिहिलेलं एकही कारण त्यामागे नव्हतं.

नवी गाडी सोमवारी येते आहे. मावशीने मध्येच काकांच्या हातून फोन घेतला आणि विचारलं, "ते मास्क म्हणालास ना तू, किती आणू?" मी म्हटलं, चार. गवंडी, दोन बिगारी आणि वायरमन.